डाळिंबी ठिपक्याचे बॉल

दिवाळीच्या फराळाला मिस्टर कोह घरी आले आणि चकलीच्या आधी त्यांची नजर शोकेसवरच्या बरणीवर गेली, तिथून सगळं बिघडलं.

बघण्यासारखं त्या घरात पुष्कळ होतं. सिंगापूरच्या बिशान भागातला, अकराव्या मजल्यावरचा तो भाड्याचा फ्लॅट मीनलनं आठवडाभर खपून सजवला होता. दारात रांगोळी, खिडकीत आकाशकंदील, टेबलावर सहा प्रकारचा फराळ. पण साहेबांना काय दिसावं, तर बरणी! पाच किलो लोणचं मावेल एवढी काचेची बरणी, आणि तिच्यात गळ्यापर्यंत भरलेले गोल्फचे बॉल.

"निशी!" कोह ओरडलेच. त्यांचं बोलणं अर्थातच वाक्याच्या शेपटीला 'लाह' लावणाऱ्या सिंगापुरी इंग्रजीत, पण आपण आपलं मराठीत ऐकू. "तू गोल्फ खेळतोस? दोन वर्षांत एकदाही बोलला नाहीस लाह!"

आता निशिकांत वाळिंबे या गृहस्थानं "नाही हो, वेचलेत ते," एवढे चार शब्द बोलून विषय संपवायला काय हरकत होती? पण समोर बसलेला माणूस साधा पाहुणा नव्हता. निशिकांतचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करण्याचा परवाना, जानेवारीत संपत होता, यंदा कंपनी माणसं कमी करत होती, आणि कोणाच्या पासचा अर्ज पुन्हा पाठवायचा हे कोह यांच्या सहीवर होतं. मुलगी गार्गी प्रायमरी फाइव्हला होती. पुढच्या वर्षी तिची पीएसएलई, म्हणजे सिंगापुरात जिच्या धास्तीनं मुलांच्या आधी आईबाप आजारी पडतात ती परीक्षा. अशा वेळी साहेब पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

"फिनिक्सला होतो ना तीन वर्षं," निशिकांत म्हणाला. "रोज संध्याकाळी कोर्सवर असायचो."

यात खोटं तसं काहीच नव्हतं. फक्त कोर्सच्या कुठल्या बाजूला असायचो, ते त्यानं सांगितलं नाही. मीनल चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थांबली. चहा हिंदकळला असेल, असं निशिकांतला वाटलं.

"फिनिक्स! वाळवंटातलं गोल्फ!" कोह यांनी कपाळाला हात लावला. "अरे, तिथे म्युनिसिपालिटीचे कोर्स असतात म्हणे. उन्हाळ्यात दुपारनंतर वीस डॉलरमध्ये अख्खा राउंड, बॅटरीवरच्या बग्गीसकट! इथे माझं अर्धं आयुष्य वेटिंग लिस्टमध्ये गेलं. तीन वर्षं रोज म्हणजे तू पक्का खेळाडू असणार."

"छे छे, ठीकठाक," निशिकांत विनयानं म्हणाला. विनयानं म्हणाला, हे तर फारच वाईट झालं.

"पुढच्या शनिवारी सकाळी सात. मी, माझी बायको, तू आणि तुझी बायको. सार्वजनिक कोर्स आहे, मेंबरशिप लागत नाही."

"मीनलला खेळता येत नाही, सर."

"बग्गीत बसेल. आणि तुझ्या पासचंही तिथेच बोलू. माणूस ऑफिसात कळत नाही निशी, तो कोर्सवर कळतो." एवढं बोलून कोह यांनी चकली उचलली आणि कडाकडा खाल्ली.

फिनिक्सची हकीकत अशी. त्यांच्या अपार्टमेंटच्या मागे तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे शहराचा गोल्फ कोर्स. वाळवंटातला कोर्स म्हणजे जिथे बॉल पडायला हवा तेवढीच हिरवळ, बाकी सगळी वाळू, खडे आणि दोन माणसांएवढे उंच निवडुंग. साप असतील, जपून, अशी पाटी. गावात राहणाऱ्यांना पालिकेचं कार्ड मिळे, आणि त्या कार्डावर कोणीही खेळे. रिटायर झालेले पोस्टमन, शाळेतल्या बाई, प्लंबर. भल्या सकाळी नऊ होल खेळायचे तर दोन कॉफ्यांचे पैसे पुरत. श्रीमंतांचा म्हणून आपण जो खेळ टीव्हीवर बघतो, तो तिथे लोक हाफ पँट घालून, घरची सँडविचं खात खेळत होते.

निशिकांत तीन वर्षांत एकदाही आत गेला नाही. पण कुंपणाच्या बाहेरून तो रोज संध्याकाळी फिरायला जाई, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला झुडपाखाली बॉल सापडला. पांढराशुभ्र, एकही ओरखडा नाही. नवा घ्यायला गेलं तर तीन डॉलर! टाकून द्यायचा? सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. मग तो त्याचा छंदच झाला. कुठल्या वळणावर बॉल बाहेर येतो, खडकावर आपटून किती मागे जातो, कुठल्या निवडुंगाच्या बुंध्याशी अडकतो, सगळं त्याला पाठ झालं. एका रविवारी सकाळी तर आत खेळणाऱ्या दोन बायकांपैकी एका म्हातारीनं त्याला कुंपणावरून बॉल फेकूनही दिला. तिला बिचाऱ्याची दया आली असावी. निशिकांतनं "थँक्यू मॅडम" म्हणून तो झेलला.

काही बॉलांवर डाळिंबी रंगाचा बारीक ठिपका असे. ती एखाद्या कंपनीची खास जात असणार, असं ठरवून तो ते बादलीत सगळ्यात वर ठेवी. "भारी माल आहे हा," तो मीनलला सांगे.

एकच गोष्ट त्याला तिथे कधी उलगडली नाही. रोज तीन-चार बॉल आणून बाल्कनीतल्या बादलीत टाकायचे, आणि बादली काही भरायची नाही. "मीनल, कोणीतरी बॉल चोरतंय," तो म्हणे. "असेल," ती म्हणे. खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन पोराकडे तो तीन वर्षं संशयानं बघत राहिला. सिंगापूरला येताना जे काही शंभर-सव्वाशे उरले होते, ते त्यानं सामानाच्या कंटेनरमधून आणली. मीनलचा पाटा-वरवंटा जागा नाही म्हणून मागे राहिला, हेही इथे सांगून टाकायला हवं.

तर आता शनिवारला नऊ दिवस उरले होते. निशिकांतनं इंटरनेटवर व्हिडिओ बघितले आणि हॉलमध्ये छत्री घेऊन सराव सुरू केला. पहिल्याच फटक्यात आकाशकंदील खाली आला.

"पप्पा, दॅट वन क्रिकेट लाह," गार्गी गृहपाठातून मान वर करून म्हणाली.

"तू अभ्यास कर."

"मान वर नको करूस," मीनल मेथी निवडता निवडता म्हणाली. "बॉल जाईपर्यंत खालीच बघ."

"तुला काय कळतंय गं यातलं?" निशिकांत भडकला. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला चेष्टा सुचतेय!"

गार्गीनं आईकडे बघितलं, आईनं नुसती मान हलवली, आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या. निशिकांतनं हे बघितलं, पण त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त मनगटं होती. व्हिडिओतला माणूस सारखा मनगटांबद्दल बोलत होता.

तीन संध्याकाळी तो ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर, गेला. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं जागा बदलली. दुसऱ्या दिवशी दोघांनी बदलली. तिसऱ्या दिवशी एक बॉल समोर, चक्क सरळ, पन्नास पावलं गेला आणि निशिकांतला धीर आला. एवढ्याशा यशानं माणसाला धीर यावा, हेच खरं दुर्दैव! त्या दिवशी त्यानं आजारपणाचं निमित्त सांगून सुटका करून घेतली असती तर निदान त्याची अब्रू तरी वाचली असती.

शनिवारी पहाटे मीनलनं कपाटाच्या तळातून जुने पांढरे बूट काढले.

"बग्गीत बसायला बूट कशाला?" निशिकांतनं विचारलं.

"असू देत," ती म्हणाली.

निशिकांतनं बरणीतला भारी माल, डाळिंबी ठिपक्याचे डझनभर बॉल, शकुनाचे म्हणून खिशात भरले. गार्गीला मैत्रिणीकडे सोडून दोघं टॅक्सीनं निघाली.

सात वाजता कोर्सवर हवा अशी दमट होती की निशिकांतचा चष्मा दर मिनिटाला धुरकट होत होता. कडेच्या नाल्यातून एक घोरपड सावकाश वर आली, तिनं मंडळींकडे बघितलं आणि ती परत गेली. कोह यांनी मारला, बॉल लांब गेला. मिसेस कोह फारशा बोलत नसत. त्यांनीही मारला, तो मधोमध गेला. मग कोह म्हणाले, "चल, वाळवंटाचा वाघ! दाखव."

निशिकांतनं क्लब, म्हणजे भाड्यानं घेतलेली गोल्फची काठी, उचलला, मनगटं आठवली, आणि मारला. बॉल होता तिथेच होता. "सरावाचा फटका," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला हिरवळीचा एक तुकडा सुंदर उडाला आणि मिसेस कोह यांच्या बुटावर पडला. तिसऱ्या खेपेला बॉल खरंच उडाला. तो उजवीकडे बग्गीच्या खांबावर आपटला, तिथून मागे आला, कोह यांच्या कानाजवळून गेला आणि घोरपडीच्या नाल्यात पडला.

मागे आपल्या पाळीसाठी ताटकळत उभ्या असलेल्या चौघांपैकी एकानं घड्याळ बघितलं. निशिकांतच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर पासचा कागद, गार्गीची परीक्षा, पुण्याचं एकमार्गी तिकीट असं एकामागून एक येत होतं.

"निशी," कोह हळू म्हणाले, "तू म्हणालास, रोज कोर्सवर असायचास."

"असायचो, सर." त्यानं चष्मा काढून पुसला. "कुंपणाच्या बाहेर. लोकांचे हरवलेले बॉल वेचायचो. मी आयुष्यात कधीही गोल्फ खेळलेलो नाही. माझं चुकलं."

कोह यांनी हातमोजा काढला, नीट घडी घातली. "न खेळणारा मॅनेजर मला चालतो," ते म्हणाले. "थापा मारणारा नाही चालत. तुझ्या अर्जावर मी सही कशी करू, सांग बरं?"

तेवढ्यात बग्गीतून मीनल उतरली.

"मिस्टर कोह, बुकिंग चौघांचं आहे ना?" तिनं शांतपणे इंग्रजीत विचारलं. "मागची माणसं खोळंबलीत. मी खेळू का? मिसेस कोह, तुमचा क्लब देता?"

"मीनल, अगं काय करतेस! आणखी शोभा नको," निशिकांत मराठीत पुटपुटला.

तिनं त्याच्यापुढे हात केला. "बॉल दे."

त्यानं खिशातून एक काढून दिला. मीनलनं तो फिरवून बघितला. त्यावरचा डाळिंबी ठिपका पुसट झाला होता. मग तिनं पर्स उघडली, नेलपॉलिशची छोटी बाटली काढली, जुन्या ठिपक्यावर नवा ठिपका दिला आणि फुंकर मारून वाळवला. बाटलीतला रंग डाळिंबी होता.

निशिकांत बघतच राहिला. मीनलनं बॉल ठेवला, पाय रोवले, खाली बघितलं आणि मारला. मान वर केली नाही. बॉल गेला तो गेलाच, कोह यांच्या बॉलच्याही पुढे जाऊन हिरवळीवर थांबला. मिसेस कोह यांनी त्या सकाळचा पहिला शब्द उच्चारला, "वा!"

मग अठराही होल निशिकांत बग्गी चालवत होता. तरी तो दिवस अगदीच वाया गेला असं नाही. सातव्या होलला कोह यांचा आवडता बॉल झाडीत गेला. "गेला," कोह म्हणाले. निशिकांत उतरला, नाल्याच्या कठड्याकडे गेला, जिथे पडला असं सगळ्यांना वाटत होतं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला वाकला, आणि बॉल घेऊन आला. अकराव्याला तेच. चौदाव्याला तर त्यानं कोह यांचा बॉल आणलाच, शिवाय अनोळखी लोकांचे तीन आणले.

"वीस वर्षांत मी असा माणूस पाहिला नाही," कोह म्हणाले. शेवटच्या होलनंतर त्यांनी थंड पाण्याची बाटली निशिकांतच्या हातात दिली. "थाप मारलीस ते मी विसरणार नाही. पण चारचौघांत कबूल केलंस. माझ्या ऑफिसात तेवढंही कोणी करत नाही. सोमवारी कागद पाठव, सही करतो. आणि पुढच्या शनिवारी मीनलला घेऊन ये. तूही ये, बॉल शोधायला."

परतीची टॅक्सी निघाली. मग निशिकांतनं विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून," मीनल म्हणाली. "मला तिथे काम करायची परवानगी नव्हती. गाडी तू न्यायचास. चालत जाता येईल असं एकच ठिकाण होतं, कुंपणापलीकडे. कार्ड काढलं. डोरिस नावाची म्हातारी होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिनं शिकवलं. तू ऑफिसला गेलास की नऊ होल. सुट्टीत गार्गी बग्गीत बसायची."

"गार्गीला माहीत होतं?"

"तिला आइस्क्रीम मिळायचं."

"आणि ते ठिपके?"

"आपला बॉल ओळखू यावा म्हणून सगळेच खूण करतात. माझे सुरुवातीला फार बाहेर जायचे. सकाळी मी हरवायचे, संध्याकाळी तू घेऊन यायचास. मी धुऊन परत न्यायचे." ती जराशी हसली. "तीन वर्षांत मला एकही बॉल विकत घ्यावा लागला नाही."

म्हणजे बादली म्हणून भरत नव्हती! खालच्या मजल्यावरच्या त्या मेक्सिकन पोराची निशिकांतनं मनातल्या मनात माफी मागितली.

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुझ्या वाढदिवसाला दोघांचं बुकिंग केलं होतं, संध्याकाळी साडेपाचचं. तू सगळ्या मित्रांसमोर म्हणालास, काठी घेऊन उन्हात बॉल शोधायला मी काय खुळा आहे? म्हातारपणी बघू. सगळे हसले. मग नाही सांगितलं."

निशिकांतला ते वाक्य आठवलं. लोक खूप हसले होते आणि आपण काय झकास बोललो, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"एका रविवारी मी भाजी आणते सांगून खेळायला आले, तर तू कुंपणापाशी होतास," मीनल खिडकीबाहेर बघत म्हणाली. "डोरिस म्हणाली, हा माणूस मला रोज संध्याकाळी इथे दिसतो, बिचारा, एक बॉल देऊन टाकू या. तिनं फेकला. मी तिच्या शेजारीच उभी होते रे, टोपी आणि गॉगल घालून. तू तिच्याकडे बघितलंस, बॉलकडे बघितलंस. थँक्यू मॅडम म्हणालास आणि गेलास."

किती स्वस्त होतं ते सगळं! दोन कॉफ्यांचे पैसे, मागच्या दारातून पन्नास पावलं, आणि तीन वर्षं. संध्याकाळी तिथलं ऊन उतरलं की डोंगर जांभळे व्हायचे, आणि तो मान खाली घालून झुडपं चाळत बसायचा.

"आपण जाऊ या परत," तो एकदम म्हणाला. "या डिसेंबरला. तिकिटं महाग असली तर असू देत. त्याच कोर्सवर, दोघं. साडेपाचचं बुकिंग कर."

"बंद झाला तो," मीनल म्हणाली. "गेल्या वर्षीच. पालिकेला परवडेना. पाणी बंद केलं आणि दोन महिन्यांत सगळी हिरवळ वाळून वाळू झाली. डोरिसनं फोटो पाठवला होता. ती आता मुलीकडे राहते, ओहायोला."

"मला दाखवला नाहीस."

"तू काय बघितलं असतंस त्यात?"

घरी आल्यावर त्यानं बरणी जमिनीवर ओतली आणि ठिपक्याचे बॉल वेगळे काढत बसला. गार्गी मैत्रिणीकडून आली, तिनं बापाचा चेहरा बघितला आणि आईला विचारलं, "पप्पा नोज ऑलरेडी?" मीनलनं मान डोलावली. "फायनली लाह," गार्गी म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या शनिवारी पाचव्या होलला मीनलचा बॉल झाडीत गेला. निशिकांत गेला, वाकला, ओल्या पानांत हात घातला. डाळिंबी ठिपका दिसला. बॉल पुसून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यानं तो खिशात टाकला आणि चालू लागला.

"निशी," मागून हाक आली. मीनल हिरवळीवर हात पुढे करून उभी होती. टोपी, गॉगल, पांढरे बूट. "माझा आहे तो."

तो थांबला. तिच्याकडे बघत तिथपर्यंत चालत गेला, बॉल तिच्या हातावर ठेवला, आणि म्हणाला, "थँक्यू मॅडम."